नांदेडचे दोन खासदार: एकाच मतदारसंघातून दोघं कसे निवडून यायचे?

नांदेडच्या लोकसभा निकालांची जुनी यादी वाचताना पहिल्या दोन ओळींशीच माणूस अडखळतो. १९५२ समोर दोन नावं आहेत: शंकरराव टेळकीकर आणि देवराव नामदेवराव कांबळे पाथ्रीकर. १९५७ समोरही दोन: हरिहरराव सोनुले आणि पुन्हा देवराव कांबळे. १९६२ पासून मात्र दर निवडणुकीसमोर एकच नाव. मध्ये पोटनिवडणूक झाली असेल, असं पुष्कळांना वाटतं. यादी करणाऱ्याची चूक असेल, असंही काहींना वाटतं. दोन्ही खरं नाही. त्या दोन निवडणुकांत नांदेड हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. दोघं एकाच दिवशी, त्याच मतदारांच्या मतांवर निवडून आले आणि दोघंही पूर्ण नांदेडचेच खासदार होते.

हा मतदारसंघ आज नाही. नांदेड नावाचा मतदारसंघ आहे, पण तो वेगळा. तो जुना, दोन जागांचा मतदारसंघ १९६१ साली कायद्याने संपला. मराठवाड्याच्या राजकारणाबद्दल आपण एवढं बोलतो, पण त्याच्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. आपल्याकडे राखीव मतदारसंघ कुठला आणि खुला कुठला यावर दर काही वर्षांनी जो वाद होतो, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

दोन जागा एकत्र का ठेवल्या?

राज्यघटनेच्या ३३० व्या कलमाने लोकसभेत अनुसूचित जाती आणि जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवल्या. त्याआधी १९३२ चा पुणे करार झाला होता. राखीव जागा असतील, पण त्या जागेवरचा प्रतिनिधी फक्त दलित मतदार निवडणार नाहीत, सगळे मिळून निवडतील, हे तिथेच ठरलं होतं. १९५१ साली प्रश्न उरला तो एवढाच, की या राखीव जागा नकाशावर ठेवायच्या कुठे?

एक मार्ग सरळ होता. काही मतदारसंघ पूर्णच राखीव करायचे. पण मग त्या भागातल्या बाकी समाजातल्या कुणालाच तिथून उभं राहता येणार नाही. दुसरा मार्ग असा, की दोन जागांएवढा मोठा मुलूख एकत्र घ्यायचा, त्यातली एक जागा राखीव ठेवायची आणि दुसरी सगळ्यांना खुली. कुणाला दार बंद नाही, आणि प्रत्येक मतदाराचा हात दोन्ही खासदारांच्या निवडीत. सुरुवातीला हाच दुसरा मार्ग घेतला गेला. १९५२ साली देशात लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यातले ३१४ एका खासदाराचे, ८६ दोन खासदारांचे, आणि उत्तर बंगालमधला एक तर तीन खासदारांचा. पंतप्रधान नेहरूंचा अलाहाबादकडचा मतदारसंघही दोन जागांचा होता. त्यांच्या जोडीने मसुरिया दीन राखीव जागेवरून निवडून आले.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, आणि अवघ्या साडेतीन वर्षांत इथला शेतकरी, गिरणी कामगार, सालगडी, त्यांच्या घरातल्या बाया, सगळे आयुष्यात पहिल्यांदा मत द्यायला रांगेत उभे राहिले. हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या २५ जागा आल्या आणि मतदारसंघ झाले २१. चार ठिकाणी जोडी होती. त्यातलं एक नलगोंडा, एक आपलं नांदेड. विधानसभेतही तोच प्रकार: १७५ जागा, १४२ मतदारसंघ.

नांदेड तेव्हा मराठवाड्यातलं मोठं गिरणीगाव. निजामी काळात उभी राहिलेली उस्मानशाही कापडगिरणी, कापसाचा बाजार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि मनमाडहून काचीगुड्याकडे जाणारी मीटरगेज. पण मतदारसंघ म्हणजे काही गिरणीची वस्ती नव्हे. घटनेतला मूळ हिशेबच साडेसात लाख लोकसंख्येमागे निदान एक खासदार असा होता. त्याच्या दुप्पट मुलूख एका उमेदवाराने पिंजून काढायचा. रस्ते कच्चे, वाहनं मोजकी, नद्या-ओढ्यांवर पूल नाहीत. खेड्यापाड्यात पसरलेल्या मतदारांपर्यंत पोहोचायला पैसा आणि माणसं लागत. ज्याच्यामागे मोठ्या पक्षाची यंत्रणा, त्याचं पारडं जड. राखीव जागेवरचा उमेदवार बहुतेक वेळा गरीब घरातला. त्याला खुल्या जागेवरच्या जोडीदाराच्या जीपमध्ये बसूनच प्रचार करावा लागे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

मत कसं द्यायचे?

१९५२ आणि १९५७ च्या मतपत्रिकेवर ना उमेदवाराचं नाव होतं, ना चिन्ह. मतदान केंद्रात पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असे आणि पेटीवर चिन्हाचा कागद डकवलेला असे. काँग्रेसची बैलजोडी, बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, असं. शिक्का मारायचा नाही, काही लिहायचं नाही. बोटाला शाई लावून घ्यायची, मतपत्रिका घ्यायची, आत जायचं आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी लोकांना मत देता यावं म्हणून काढलेली ही युक्ती होती आणि ती चांगली चालली. नावं आणि चिन्हं छापलेली, शिक्का मारायची मतपत्रिका देशभर आली ती १९६२ च्या निवडणुकीत.

जोड मतदारसंघात मतदाराला लोकसभेसाठी दोन मतपत्रिका मिळत. म्हणजे दोन मतं. पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. कुणी दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले, तर मोजताना त्यातला एकच धरायचा आणि दुसरा बाद करायचा, असा कायदा होता. एक मत राखीवला आणि एक खुल्याला असं बंधन मात्र नव्हतं. उभ्या असलेल्या सगळ्यांतून कुठलेही दोघं निवडा. हवं तर एकच मत द्या आणि दुसरं देऊ नका.

जुने आकडे वाचणाऱ्यांनी इथे जपायला हवं. प्रत्येकाच्या हातात दोन मतं असल्यामुळे जोड मतदारसंघातली एकूण मतं मतदान केलेल्या माणसांच्या जवळपास दुप्पट दिसतात. एका खासदाराच्या मतदारसंघाशी त्यांची थेट तुलना केली की टक्केवारी भलतीच येते. नलगोंड्याचे रविनारायण रेड्डी १९५२ साली तीन लाखांहून जास्त मतं घेऊन नेहरूंच्याही पुढे गेले, हे अभिमानाने सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. दोघंही जोड मतदारसंघातले, म्हणून ती तुलना चालते. पण त्या वेळच्या औरंगाबादच्या किंवा परभणीच्या आकड्यांशेजारी नांदेडचे आकडे तसेच्या तसे ठेवता येत नाहीत.

मोजणीचा नियम

खरी गुंतागुंत मोजणीत होती. नियमात दोन पायऱ्या होत्या. आधी राखीव जागा भरायची: अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं, तो त्या जागेवर निवडून आला. त्याला बाजूला काढायचं. मग उरलेल्या सगळ्यांत, जात कुठलीही असो, ज्याला सर्वाधिक मतं, तो दुसऱ्या जागेवर निवडून आला.

वाचायला सोपं वाटतं. पण याचे परिणाम काय होतात ते मुंबईच्या उदाहरणातून कळेल, कारण तिथे स्वतः बाबासाहेब आंबेडकर उभे होते. १९५२ साली उत्तर मुंबईच्या जोड मतदारसंघात काँग्रेसचे विठ्ठल गांधी यांना १,४९,१३८ मतं पडली. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. आता नियम लावा. राखीव जागेसाठी काजरोळकर आणि बाबासाहेब यांच्यात जास्त मतं काजरोळकरांना, म्हणून ते निवडून आले. खुल्या जागेवर उरलेल्यांत विठ्ठल गांधी पहिले, म्हणून तेही निवडून आले. अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं होती, तरी ते घरी गेले. आणि ज्यांच्या हाताखाली घटनेचा मसुदा झाला, ते बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले.

ते का हरले? राखीव जागेचा निकाल एकट्या दलित मतदारांच्या हातात नव्हता, हे त्यातलं मोठं कारण. कुठल्याही जोड मतदारसंघात दलित मतदार संख्येने कमीच. बाकी समाजाचा मतदार आपलं पहिलं मत आपल्या उमेदवाराला देई आणि दुसरं मत त्याच पक्षाच्या राखीव उमेदवाराला. बैलजोडीला एक, बैलजोडीलाच दुसरं. दलित वस्त्यांतून फेडरेशनच्या उमेदवाराला कितीही एकगठ्ठा मतं पडली, तरी बाहेरून येणाऱ्या या दुसऱ्या मतांपुढे ती कमी पडत. पुणे कराराच्या वेळी बाबासाहेबांना जी भीती वाटत होती, ती इथे मतपेटीत उतरली होती.

यावर एक डावपेच होता. आपलं एक मत आपल्या माणसाला द्यायचं आणि दुसरं कुणालाच द्यायचं नाही. चळवळीतले लोक याला मत कुजवणं म्हणत. दुसरं मत दिलं की ते कुठल्या तरी प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतं आणि आपल्याच उमेदवाराला मागे ढकलू शकतं, हे त्यामागचं गणित. १९५४ साली भंडाऱ्याला दोन्ही जागांची पोटनिवडणूक झाली. फेडरेशनतर्फे बाबासाहेब राखीव जागेसाठी आणि त्यांच्यासोबत खुल्या जागेसाठी अशोक मेहता. कार्यकर्त्यांनी दुसरं मत कुजवायचं सुचवलं आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. निकाल सर्वांना माहीत आहे. मेहता निवडून आले, बाबासाहेब पुन्हा पडले. जोडीदाराला आपली मतं मिळाली, जोडीदाराची आपल्याला पुरेशी मिळाली नाहीत. जोड मतदारसंघाचं सगळं दुखणं या एका निकालात दिसतं.

१९५७: एकाच मातीतून दोन पक्षांचे खासदार

नांदेडची १९५७ ची निवडणूक मला म्हणूनच फार मोलाची वाटते. नोव्हेंबर १९५६ मध्ये हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. लोकसभेसाठी मराठवाड्यात सहा मतदारसंघ होते: औरंगाबाद, जालना, परभणी, भीर, उस्मानाबाद आणि नांदेड. खासदार मात्र सात, कारण नांदेडचे दोन. (१९५२ ला जालन्याच्या नावाचा मतदारसंघ नव्हता, अंबडच्या नावाचा होता. तोही आता कुणाच्या लक्षात नाही.)

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले होते. त्यांच्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी ही निवडणूक झाली. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होतं. मराठवाड्यात आंबेडकरी चळवळीची मुळं जुनी: भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने १९३८ च्या डिसेंबरात कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला झालेली परिषद, नंतर औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय. त्या पार्श्वभूमीवर नांदेडने एक खासदार फेडरेशनचा आणि एक काँग्रेसचा असे दोन दिल्लीला पाठवले. हरिहरराव सोनुले हत्तीवर, देवराव कांबळे बैलजोडीवर.

एका खासदाराच्या मतदारसंघात हे होऊच शकत नाही. तिथे जिंकणारा सगळं घेऊन जातो, हरणाऱ्याची लाखभर मतं गेली तरी गेली. इथे एकाच मुलखाची दोन मतं संसदेत पोहोचली. पाच वर्षं उस्मानशाहीच्या कामगाराला किंवा खेड्यातल्या शेतकऱ्याला आपलं गाऱ्हाणं घेऊन जायला दोन दारं होती, एक सत्ताधारी पक्षाचं आणि एक विरोधकाचं. फेडरेशनने लढवलेली ही शेवटची लोकसभा. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला.

इथेच एक कायद्याची गाठ आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. अनुसूचित जातींची यादी ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात तेव्हा फक्त हिंदू आणि शीख होते. बौद्धांचा समावेश झाला थेट १९९० मध्ये. म्हणजे ज्याने धर्मांतर केलं, त्याला राखीव जागेवर उभं राहण्याचा हक्क ३४ वर्षं नव्हता. १९६२ ला विधानसभेच्या नागपूरमधल्या एका राखीव जागेवरून निवडून आलेल्या आमदाराची निवड याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि रद्द ठरली. जोड मतदारसंघात अशा कार्यकर्त्याला निदान त्याच ठिकाणी, त्याच मतदारांपुढे खुल्या जागेसाठी उभं राहता येत होतं. मतदारसंघ पूर्णच राखीव झाल्यावर त्याला स्वतःच्याच गावात उभं राहायची सोय उरली नाही. ज्या समाजाच्या लढ्यातून या जागा आल्या, त्यातल्याच मोठ्या भागाला त्या जागांपासून लांब ठेवलं गेलं. याची पुरेशी चर्चा आपल्याकडे कधीच झाली नाही.

मग ही पद्धत का गेली?

निमित्त झालं आंध्रातल्या पार्वतीपुरमचं. १९५७ साली तिथे दोन जागा होत्या, एक अनुसूचित जमातीसाठी राखीव. खुल्या जागेसाठी उभे होते व्ही. व्ही. गिरी, कामगार चळवळीतले मोठे नेते, केंद्रात मंत्री राहिलेले आणि पुढे १९६९ मध्ये राष्ट्रपती झालेले. निकाल लागला तो असा: बिड्डिका सत्यनारायण १,२६,७९२, डिप्पला सुरी दोरा १,२४,६०४, गिरी १,२४,०३९. पहिले दोघंही आदिवासी. नियमाप्रमाणे सत्यनारायण राखीव जागेवर गेले. उरलेल्यांत सुरी दोरा गिरींच्या ५६५ मतांनी पुढे, म्हणून खुली जागाही त्यांना.

गिरी न्यायालयात गेले. राखीव जागेसाठी अर्ज भरलेला माणूस खुल्या जागेवर कसा निवडून येतो, हा त्यांचा मुद्दा. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांचा दावा फेटाळला. राखीव जागा ही किमान हमी आहे, तिच्यामुळे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा खुल्या जागेवरचा हक्क संपत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. माझ्या मते तो निकाल न्याय्यच होता. खुली जागा म्हणजे सगळ्यांना खुली. ती काही एका वर्गासाठी राखलेली जागा नव्हे.

पण राजकारणात धसका बसायचा तो बसला. मोठमोठ्या नेत्यांना आपली जागा अशी हातची जाईल अशी भीती वाटू लागली. त्यात बाकी तक्रारी होत्याच, आणि त्या खोट्या नव्हत्या. मतदारसंघ अवाढव्य. खर्च दुप्पट. दोन मतांचा हिशेब पुष्कळांना कळत नसे. दोन खासदार असले की काम कुणाचं यावर टोलवाटोलवी. राखीव जागेवरचा खासदार जोडीदाराच्या सावलीत राहतो, हे अनुसूचित जातींच्या बाजूनेही बोललं जात होतं. सगळं मिळून १९६१ साली द्विसदस्यीय मतदारसंघ रद्द करणारा कायदा झाला. तेव्हा देशात असे ९१ मतदारसंघ होते. प्रत्येकाचे दोन तुकडे करायचे आणि त्यातला एक राखीव ठेवायचा, असं ठरलं.

राखीव जागा कुठे गेली?

१९६२ साली नांदेड एका खासदाराचा खुला मतदारसंघ झाला आणि तिथून काँग्रेसचे तुळशीदास जाधव निवडून आले. मराठवाड्याच्या जागा सातच राहिल्या, पण मतदारसंघ आता सहाचे सात झाले. नवा आला तो लातूर, आणि तो राखीव. तुळशीराम कांबळे तिथून १९६२, १९६७ आणि १९७१ असे सलग तीनदा निवडून आले. जी राखीव जागा दहा वर्षं नांदेडच्या पोटात होती, ती आता स्वतंत्र होऊन लातूरच्या नावाने उभी राहिली.

पुढचा प्रवास बऱ्याच वाचकांना आठवत असेल. १९७७ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली. हिंगोली हा आठवा मतदारसंघ आला, लातूर खुला झाला आणि राखीव जागा उस्मानाबादला गेली. लातूर खुला झाला म्हणूनच शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून १९९९ पर्यंत तिथून सातदा निवडून येऊ शकले. २००९ ला नव्या फेररचनेत पुन्हा उलट झालं. उस्मानाबाद खुला आणि लातूर राखीव. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, तीस वर्षांहून जास्त काळ जे खुल्या प्रवर्गातले नेते लोकसभेची वाट बघत होते त्यांना वाट मिळाली, आणि लातूरच्या नेत्यांची वाट बंद झाली.

आपल्याकडे फेररचनेची चर्चा नेहमी नेत्यांच्या वाटेबद्दल होते. मतदाराचं काय? १९५७ साली नांदेडच्या दलित मतदाराला आपल्या राखीव जागेच्या निवडीत थेट मत होतं. आज नांदेड, परभणी, हिंगोली किंवा बीड मतदारसंघातल्या दलित मतदाराला राखीव जागेवरच्या खासदाराच्या निवडीत काहीच मत नाही, कारण ती जागा लातूरला आहे. आणि लातूरमध्ये ती निवड बहुसंख्य मतदारच करतात, जशी जोड मतदारसंघात करत होते. म्हणजे जुन्या पद्धतीचा जो मोठा दोष, तो गेला नाहीच. गेलं ते दुसरं मत.

गिरींच्या तक्रारीवर उपाय नव्हता असंही नाही. मुंबई सोडली, तर आपल्या महानगरपालिकांत आज एका प्रभागातून अनेक सदस्य निवडायची पद्धत आहे. नांदेड-वाघाळ्यातही २०१७ ला चार-चार सदस्यांच्या प्रभागांत मतदान झालं. तिथे जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात. कुठली जागा अनुसूचित जातीसाठी, कुठली महिलेसाठी, कुठली सर्वसाधारण, हे आधीच ठरलेलं असतं. उमेदवार कुठल्या तरी एकाच जागेसाठी उभा राहतो, मतदार प्रत्येक जागेला वेगळं मत देतो आणि मोजणीही वेगळी होते. मतांची सरमिसळ होत नाही. १९६१ ला लोकसभेसाठी एवढा एक बदल केला असता, तरी पार्वतीपुरमसारखा पेच पुन्हा आला नसता. खुल्या जागेवर दलित-आदिवासी उमेदवाराला अर्ज भरायची मुभा तशीच ठेवता आली असती. पण मतदारसंघाचा आकार आणि खर्च याला मात्र या बदलाने उत्तर मिळालं नसतं, हेही खरं आहे. आज रस्ते आहेत, फोन आहेत. पण मतदारही कितीतरी पट वाढलेत. एकट्या खासदारालाच आज सहा विधानसभा मतदारसंघ सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. बारा विधानसभांचा मुलूख दोघांना मिळून दिला तर काय होईल, हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही.

आणि हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. संसदेत महिलांना जागा कशा द्यायच्या यावर जी चर्चा अनेक वर्षं चालली, तीत काही मतदारसंघ दोन सदस्यांचे करायचे आणि त्यातली एक जागा महिलेला द्यायची, हा पर्याय अधूनमधून पुढे आला. २०२३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठरवल्या. अनुसूचित जातींच्या राखीव जागांमधल्याही एक तृतीयांश त्यात आल्या. त्या जागा फेररचनेनंतर फिरत राहणार, अशी त्यात तरतूद आहे. फेररचनेचा मसुदा आजवरच्या कायद्यांप्रमाणे आधी प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावण्या होतात. तिथे नेते आपापले वकील घेऊन हजर असतात. मराठवाड्यातल्या आठ जागांतली कुठली कुणासाठी आणि का, हे विचारायला तिथे गावोगावचे मतदार, बचत गटांतल्या बाया, वस्त्यांतले कार्यकर्ते हरकतीचा कागद घेऊन गेले पाहिजेत. १९५७ ला नांदेडच्या मतदाराच्या हातात दोन कागद होते. त्यातला एक १९६१ ला काढून घेतला, तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं.